लहानपणीचं स्वप्न आणि आजचे आपण: तुलना करायची तर कशी?

"मोठेपणी कोण होणार रे तू?" घरी आलेला प्रत्येक पाहुणा हे विचारतोच. चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतो आणि उत्तर ऐकून विसरूनही जातो. तीस वर्षांनी शाळेच्या गेट-टुगेदरला कुणीतरी म्हणतं, "अरे, तू तर पायलट होणार होतास ना?" विचारणारा सहज विचारतो, ऐकणाऱ्याला मात्र त्या रात्री झोप येत नाही. नोकरी बरी आहे, घराचे हप्ते फिटत आलेत, मुलं शिकताहेत. तरी मनात हिशेब सुरू होतो, ठरवलं होतं काय आणि झालं काय.

हा हिशेब कधी ना कधी प्रत्येक जण मांडतो आणि बहुतेक जण तो चुकीच्या पद्धतीनं मांडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण लहानपणीचं स्वप्न हातात फूटपट्टीसारखं धरतो आणि स्वतःला मोजायला लागतो. ती पट्टी कुणी बनवली, कोणत्या वयात बनवली, इतक्या वर्षांत ती वाकली तर नाही ना, हे कुणी तपासत नाही. मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. ते समजून घेतलं, तर त्या रात्रीच्या हिशेबातली निम्मी आकडेमोड बदलते.

पोराला नोकरी दिसत नाही, माणूस दिसतो

ज्यांचं लहानपण एसटीच्या प्रवासात गेलं, त्यांनी जुना कंडक्टर डोळ्यांपुढे आणावा. खाकी कपडे, खांद्याला चामड्याची बॅग, हातात रंगीत तिकिटांच्या गड्ड्यांचा ट्रे, तिकिटाला भोक पाडणारा पंच. गर्दीतून वाट काढत तो पुढे सरकायचा आणि पंचाची टकटक ऐकूनच लोक सुटे पैसे काढून ठेवायचे. छताखालची दोरी एकदा ओढली की एवढी मोठी गाडी थांबायची, दोनदा ओढली की निघायची. ड्रायव्हरसुद्धा त्याच्या घंटीचं ऐकायचा. पाच वर्षांच्या पोराला याहून मोठा माणूस कोण वाटणार? पगार किती, ड्यूटी किती तासांची, मुक्कामी गाडीतच झोपून काढलेल्या रात्री किती, यातलं काहीही त्याला दिसत नाही. त्याला दिसते ती घंटीची दोरी.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एली गिन्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये याची पहिली नीट मांडणी केली. साधारण अकराव्या वर्षापर्यंतचा काळ त्यांनी कल्पनेचा मानला. त्या वयात मूल काहीही होऊ शकतं, कारण 'जमेल का' हा प्रश्नच त्याला पडत नाही. पुढची पाच-सहा वर्षं चाचपणीची. आवड काय, येतं काय, महत्त्वाचं काय, हे हळूहळू कळू लागतं. वास्तवाशी गाठ पडते ती त्यानंतर.

लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेला सिद्धांत मला याहून जास्त मोलाचा वाटतो. आपण समजतो की लहानपणी स्वप्नं वाढत जातात. त्यांचं म्हणणं उलटं आहे. लहानपणी स्वप्नं कापली जातात, आणि हे काम आपल्या नकळत ठरावीक क्रमानं चालतं. तीन ते पाच या वयात मुलाला एवढंच कळतं की मोठी माणसं ताकदवान असतात आणि ती काहीतरी काम करतात. सहा ते आठ या वयात 'हे बायकांचं काम, ते पुरुषांचं' हा भेद मनात बसतो आणि अर्धी कामं यादीतून जातात. नऊ ते तेराच्या दरम्यान प्रतिष्ठा कळते. कुणाला 'साहेब' म्हणतात आणि कुणाला 'ए' म्हणून हाक मारतात, हे मूल बघत असतं. मग कमी मानाची कामं गळतात. 'आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची' कामंही त्याच वेळी गळतात. आपल्याला मनापासून काय आवडतं याचा विचार सुरू होतो चौदाव्या वर्षानंतर. तोवर यादी पुष्कळ आखूड झालेली असते आणि निवड त्या उरलेल्या यादीतून करायची असते.

हा क्रम प्रत्येकाच्या बाबतीत घड्याळ लावल्यासारखा चालतो असं नाही. पण एक गोष्ट त्यातून पक्की लक्षात राहते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं सांगितलेलं स्वप्न हा तिच्या मनाचा पहिला कौल नसतो. त्याआधी बरंच काही वजा झालेलं असतं, आणि ते वजा करताना कुणी तिला रागावलेलंही नसतं. आजूबाजूला बघूनच ती ते शिकते.

सुरेखा यादव यांना शिक्षिका व्हायचं होतं

सातारा जिल्ह्यात शेतकरी कुटुंबात १९६५ साली जन्मलेल्या सुरेखा यादव यांचं उदाहरण घ्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला. पुढे गणितात बी.एस्सी. करायचं, मग बी.एड. करायचं आणि शिक्षिका व्हायचं, असा त्यांचा विचार होता. मधेच रेल्वेची जाहिरात आली. त्यांनी अर्ज केला, परीक्षा दिली, निवड झाली आणि कल्याणला प्रशिक्षण झालं. ऐंशीचं दशक संपता संपता त्या सहायक चालक म्हणून रुजू झाल्या. रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्या देशातल्या पहिल्या महिला अशी त्यांची नोंद आहे. मालगाड्या, मुंबईच्या लोकल, घाटातली इंजिनं अशी सगळी कामं त्यांनी केली. ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूर–मुंबई वंदे भारत एक्सप्रेस चालवली. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

आता तुलना करून बघा. स्वप्न शिक्षिकेचं, आणि ते पूर्ण झालं नाही. कागदावरचा हिशेब एवढाच. पण १९७० च्या दशकातल्या साताऱ्याच्या मुलीला 'मी इंजिन चालवणार' हे स्वप्न पडणार तरी कसं? तोवर देशात एकाही बाईनं ते काम केलेलं नव्हतं. ते काम तिच्या यादीतच नव्हतं. शिक्षिका हे त्या काळी मुलीला दिसणारं, घरच्यांना पटणारं, मानाचं काम, म्हणून स्वप्न त्याचं. प्रत्यक्ष आयुष्य मात्र स्वप्नापेक्षा लांब गेलं.

म्हणून मी म्हणते, स्वप्न हे भविष्याचं भाकीत नसतं. त्या वयात आपल्याला कायकाय दाखवलं गेलं होतं, याची ती नोंद असते.

दिसण्याचा हा मुद्दा आकड्यांतूनही पुढे येतो. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीनं २०१७ मध्ये देशभरातल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींशी बोलून अहवाल तयार केला. मुलगे लष्कर, पोलीस, इंजिनिअरिंग यांची नावं घेत होते, तर मुली शिक्षिका आणि नर्स यांची. जे व्हायचंय त्या कामातला एकही आदर्श डोळ्यांसमोर नाही, असं सुमारे ४० टक्के मुलांनी सांगितलं. श्रीमंत देशांतही चित्र फार वेगळं नाही. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेनं २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ४१ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, की तिसाव्या वर्षी तुम्ही कोणतं काम करत असाल? ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुलींची उत्तरं अवघ्या दहा लोकप्रिय व्यवसायांत बसली. कामं हजारो प्रकारची आहेत, पण मुलांना दिसतात दहा.

आपल्या गावांत हे रोज घडतं. एखादा पोरगा पीएसआय होतो. वेशीवर फ्लेक्स लागतो, गुलाल उधळत मिरवणूक निघते, शाळेत सत्कार होतो. दुसऱ्या वर्षी दहावीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना पीएसआय व्हायचं असतं. त्यात गैर काहीच नाही, त्या मुलानं कष्ट केलेत आणि त्याचा मान त्याला मिळायलाच हवा. पण त्याच गावातला एखादा जण भूजलाचा अभ्यास करत असेल, एखादी कृत्रिम पाय बनवायच्या कार्यशाळेत काम करत असेल, तर त्यांची मिरवणूक निघत नाही आणि त्यांचं काम कुणाच्या स्वप्नात शिरत नाही.

आठवण तरी खरी आहे का?

पट्टी वाकण्याचं दुसरं कारण म्हणजे आपली स्मरणशक्ती. जुनी गोष्ट आठवताना मेंदू कपाटातून फाइल काढत नाही, ती गोष्ट तो नव्यानं रचतो. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९३२ मध्येच हे दाखवून दिलं होतं. लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला देऊन पुढे ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली, तेव्हा प्रत्येक वेळी ती आखूड होत गेली आणि सांगणाऱ्याच्या ओळखीच्या जगासारखी होत गेली.

डॅनियल ऑफर यांचा अभ्यास आपल्या विषयाच्या आणखी जवळचा. १९६० च्या दशकात चौदा वर्षांच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या: घर कसं आहे, आईवडील कसे वागवतात, काय आवडतं, काय नाही. तीच मुलं अठ्ठेचाळीस वर्षांची झाल्यावर त्यांना विचारलं, की त्या वेळी तुम्ही काय उत्तर दिलं असेल? २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसांनी आठवून दिलेली उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखी निघाली, योगायोगापेक्षा फारशी सरस नाहीत.

मग 'मला लहानपणापासून गायिकाच व्हायचं होतं' या वाक्यावर किती भार टाकायचा? आठव्या वर्षी डॉक्टर, नवव्या वर्षी आइस्क्रीमवाला, दहाव्या वर्षी क्रिकेटपटू आणि अकराव्या वर्षी गायिका, असं सगळंच वाटून गेलेलं असतं. त्यातलं आजच्या दुखण्याशी जुळणारं तेवढं आठवणीत राहतं. नोकरीत घुसमट होत असेल, तर मोकळं वाटणारं स्वप्न वर येतं. पैशाची ओढाताण असेल, तर 'तेव्हा सायन्स घेतलं असतं तर' हे वर येतं.

ब्रिटनमध्ये याबाबतीत एक दुर्मीळ ठेवा आहे. मार्च १९५८ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या सुमारे सतरा हजार बाळांचा तिथं आजवर पाठपुरावा होतोय. ती मुलं अकरा वर्षांची असताना, १९६९ मध्ये, त्यांना एक निबंध दिला होता: समजा तुम्ही आता पंचवीस वर्षांचे आहात, तर तुमचं आयुष्य, आवडी, घर, काम यांबद्दल लिहा. असे हजारो निबंध जपून ठेवलेत आणि त्या माणसांचं पुढचं आयुष्यही नोंदलेलं आहे. ते निबंध वाचताना जाणवतं, की मुलं फक्त पदांची स्वप्नं बघत नाहीत. लग्न, घर, पोरंबाळं, सुट्टीतलं फिरणं हे सगळं त्यात असतं. गेट-टुगेदरला मात्र कुणी विचारत नाही, की "तुला अंगणवालं घर हवं होतं, ते मिळालं का?" आपण स्वप्नातलं पद तेवढं लक्षात ठेवतो आणि बाकीचं आयुष्य हिशेबातून गाळतो.

तुमच्या आईनं शाळेची एखादी जुनी वही माळ्यावर जपली असेल, तर ती जरूर काढा. 'मी कोण होणार' हा निबंध आपल्याकडे वर्षानुवर्षं लिहवून घेतला जातोय. अर्थात त्यातला बराचसा मजकूर फळ्यावरून किंवा निबंधमालेतून उतरवलेला असतो. सगळ्या वर्गाला गोरगरिबांची फुकट सेवा करणारा डॉक्टरच व्हायचं असतं. तरी मधेच एखादं वाक्य आपलं स्वतःचं सापडतं.

हे स्वप्न नक्की कुणाचं होतं?

टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये मांडलेली एक कल्पना मराठी घरांना फार लागू पडते. माणसाच्या मनात स्वतःची तीन रूपं असतात. एक, मी आज जसा आहे तो. दुसरं, मला जसं व्हावंसं वाटतं तो. तिसरं, मी जसा असायला हवा तो. हे 'असायला हवं' बहुधा आईवडील, शिक्षक आणि समाज यांच्याकडून आलेलं असतं. पहिल्या आणि दुसऱ्या रूपात अंतर पडलं, की उदास वाटतं, रितं वाटतं. पहिल्या आणि तिसऱ्यात पडलं, की धाकधूक होते, अपराधी वाटतं, कुणाला तरी तोंड दाखवायची चोरी होते.

स्वतःला विचारून बघण्यासारखं आहे. डॉक्टर न झाल्याचं आठवतं तेव्हा नेमकं काय होतं? शरीर आणि आजार समजून घेण्यातली मजा हुकली असं वाटतं, की बाबांच्या चेहऱ्यावरची ती निराशा आठवते? दुसरं असेल, तर ते तुमचं स्वप्न अपुरं राहिलेलं नाही. बाबांचं राहिलंय, आणि त्यांचंही कदाचित त्यांच्या वडिलांकडून आलेलं. ते ओझं खरं आहे, दुखतंही खरंच. पण त्याला 'माझं लहानपणीचं स्वप्न' म्हटलं, की त्यावर उपाय सापडत नाही. ते वडिलांशी एकदा बोलून, किंवा ते हयात नसतील तर मनातल्या मनात त्यांच्याशी बोलून सोडवायचं प्रकरण आहे.

पश्चात्तापावरच्या संशोधनाचा निष्कर्षही इथं जोडून घ्यावा. शाय डेव्हिडाय आणि थॉमस गिलोविच यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत लोकांना आयुष्यातली सर्वांत मोठी खंत विचारली. सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांची खंत 'मला व्हायचं होतं ते झालो नाही' या जातीची होती. कारण समजण्यासारखं आहे. कर्तव्यात चूक झाली की आपण धावपळ करून ती निस्तरतो, माफी मागतो, पैसे परत करतो. स्वतःच्या इच्छेला मात्र 'मुलांचं शिक्षण होऊ दे, मग बघू' म्हणून थांबवता येतं. तिच्या मागे तगादा लावणारं कुणी नसतं.

दहावीनंतर हेच होतं. गॉटफ्रेडसन म्हणतात की तडजोड करायची वेळ आली, की माणूस बहुधा आधी आवड सोडतो, मग प्रतिष्ठा, आणि आपल्या बाईपणाला किंवा पुरुषपणाला न शोभणारं काम घेणं सर्वांत शेवटी मान्य करतो. पुढच्या अभ्यासांत हा क्रम सगळीकडे सारखा आढळलेला नाही. पण आवडीचा बळी आधी जातो हे आपल्याला कुणी संशोधन करून सांगायची गरज नाही. 'चित्रकला काय, रविवारीही करता येईल' हे वाक्य घराघरात बोललं गेलंय.

स्वप्न सोलून बघणं

मग तुलना करायचीच नाही का? करायची, जरूर करायची. पण पदाशी नाही. त्या पदात आपल्याला काय हवं होतं, त्याच्याशी.

ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना लढाऊ वैमानिक व्हायचं होतं. १९५८ मध्ये ते डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीसाठी गेले. पंचवीस उमेदवारांतून आठ घ्यायचे होते, कलामांचा नंबर नववा आला. पुढे ते क्षेपणास्त्रांकडे वळले. रामेश्वरमच्या शाळेत पाचवीत असताना त्यांच्या शिक्षकांनी पक्षी कसे उडतात हे शिकवलं होतं, समुद्रकिनाऱ्यावर नेऊन उडणारे पक्षीही दाखवले होते. उडण्याची ती ओढ वैमानिकाच्या गणवेशात मावली नाही, पण आयुष्यभर सुटलीही नाही. जून २००६ मध्ये, राष्ट्रपती असताना, चौऱ्याहत्तर वर्षांच्या कलामांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून उड्डाण केलं. सचिन तेंडुलकरचंही तसंच. १९८७ मध्ये तो वेगवान गोलंदाज व्हायचं म्हणून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला होता. तिथले प्रशिक्षक, ऑस्ट्रेलियाचे माजी वेगवान गोलंदाज डेनिस लिली यांनी त्याला फलंदाजीवरच लक्ष द्यायला सांगून परत पाठवलं.

मोठ्या माणसांच्या या गोष्टी जपून वापरायला हव्यात. त्यांचं पुढे भलं झालं म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या. नवव्या नंबरावर थांबलेल्या इतर लाखोंच्या गोष्टी कुणी लिहीत नाही. म्हणून एक साधं उदाहरण सांगते. माझ्या मावशीला शिक्षिका व्हायचं होतं, डी.एड.ला प्रवेश मिळाला नाही, पोस्टात क्लार्क म्हणून लागली. खिडकीवर निरक्षर बाया मनीऑर्डरचा फॉर्म घेऊन यायच्या. बाकीचे क्लार्क फॉर्म भरून द्यायचे. मावशी गर्दी नसेल तर त्यांना बाजूला बसवून घ्यायची आणि स्वतःचं नाव लिहायला शिकवायची. काही जणी पुढच्या महिन्यात अंगठ्याऐवजी सही करायच्या. तिच्या सेवापुस्तकात 'शिक्षिका' हा शब्द कुठंच नाही. पण शिकवण्यातून तिला जे हवं होतं, ते तिनं खिडकीच्या अलीकडे बसून मिळवलं.

कंडक्टर व्हायचं म्हणणाऱ्या पोराला काय हवं होतं? एखाद्याला फिरायचं असतं, एखाद्याला लोकांशी बोलायचं असतं, एखाद्याला ती दोरी, म्हणजे आपल्या शब्दावर काहीतरी हलणं, हवं असतं. तिघांचं स्वप्न वरून एकच दिसतं. आज यातला एक जण मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून जिल्हाभर हिंडत असेल, तर त्याला त्याचं स्वप्न बऱ्यापैकी मिळालंय.

काही स्वप्नं मात्र अशी सोलूनही हाती लागत नाहीत. वय निघून जातं, शरीर साथ देत नाही. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची वयोमर्यादा जवळ आलेली कितीतरी मुलंमुली दिसतात. 'सोडून दे' म्हणणं फार सोपं असतं, पण ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. कार्स्टन रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३ पासून यावर सातत्यानं काम केलंय. ज्यांना अशक्य झालेलं ध्येय सोडता येतं त्यांचं मन जास्त स्वस्थ राहतं. आणि नवं काही हाती धरता येणं ही वेगळी क्षमता आहे, तिचाही उपयोग होतो. नुसतं सोडलं आणि हात रिकामे राहिले, तर माणूस खचतो. म्हणून अशा मुलाला 'आता काय करणार' याचं उत्तर शोधायला आधी मदत करावी. सोडण्याची गोष्ट मग त्याची तोच करतो.

शिवाय आजचे आपण म्हणजे काही शेवटचे आपण नाही. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३ मध्ये १८ ते ६८ वयाच्या एकोणीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, असं सगळ्या वयांचे लोक सांगत होते, आणि पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही, असंही तेच लोक सांगत होते. दहा वर्षांच्या पोरानं चाळिशीतल्या माणसासाठी केलेली निवड पाळायलाच हवी असं नाही. तसंच चाळिशीतल्या माणसानं साठीतल्या स्वतःसाठी सगळं संपलं असं ठरवूनही टाकू नये.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त टोचतात ती न पडलेली स्वप्नं. अपुऱ्या स्वप्नांची निदान खंत तरी करता येते. जे काम कधी दिसलंच नाही, त्याची खंतही होत नाही. रेल्वेत आज दोन हजारांच्या आसपास महिला इंजिन चालवतात, म्हणजे आजच्या साताऱ्यातल्या एखाद्या मुलीला ते स्वप्न पडू शकतं. अशी दारं प्रत्येक कामासाठी उघडायला हवीत आणि त्यासाठी शासनाच्या योजनेची वाट बघायची गरज नाही. तुम्ही कोणतंही काम करत असाल, तर गावी गेल्यावर तासभर आपल्या जुन्या शाळेत जा. मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत. सत्कार, शाल-नारळ नको म्हणून आधीच सांगा. सोबत तुमच्या कामातली एखादी वस्तू न्या: मातीचा नमुना काढायचं गिरमिट, सर्किटची पाटी, ड्रेसमेकिंगचा पॅटर्न, दाताचा साचा. ती मुलांच्या हातात द्या. दहावीनंतर काय केलं, फी किती लागली, पहिला पगार किती होता, कामात कंटाळवाणं काय आहे, हे सगळं खरं खरं सांगा. मुलींना मागच्या बाकांवरून पुढे बोलवा. आणि 'तू कोण होणार' असं विचारण्याऐवजी 'यातलं काय करून बघायला आवडेल' असं विचारा.